चुकांच्या रकान्यातलं शून्य

एल्मर लिंडक्विस्ट यांनी आयोवातल्या त्या गावी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावच्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे अधिकृत नोंदकार झाले. प्रेक्षकांच्या बाकांच्या वर उंचावर बांधलेल्या लाकडी खोलीत बसून ते प्रत्येक चेंडू टिपत. एखादा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, की तो फलंदाजाचा फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे एकटे तेच ठरवत. पंचांनाही त्यात बोलता येत नसे.

तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा डेल कुचेरा त्यांचा जुना विद्यार्थी. वय एकतीस. ऑगस्टमध्ये संघातून दोघांना काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जुलैत एक साधा चेंडू त्याच्या हातमोज्याला चाटून मागे गेला. एल्मरनी क्षणभर पेन्सिल धरून ठेवली आणि ‘फटका’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डेल जिना चढून वर आला. “सर, कालचा माझ्याच हातून सुटला.”

“वेडावाकडा उसळला होता रे.”

“नाही सर. कधीकधी मला दोन चेंडू दिसतात.”

“दोनांतला बरोबर कुठला, हे तुला शाळेत तरी कुठं कळायचं?”

डेल हसला. मग हळूच म्हणाला, “डॉक्टरकडे गेलो तर प्रशिक्षक रस्क मला घरी बसवतील. ऑगस्टपर्यंत सांभाळून घ्या.”

एल्मरनी सांभाळून घेतलं. तीन आठवड्यांत असे सहा चेंडू सुटले आणि सहाही फटके झाले. डेलच्या नावापुढं चुकांच्या रकान्यात शून्यच राहिलं.

रविवारी दुपारी सहाव्या डावात एक सणसणीत चेंडू सरळ त्याच्या तोंडावर आला. डेलने हातमोजा वर केला, पण वीतभर बाजूला. चेंडू डाव्या डोळ्यावर बसला.

सामना संपल्यावर प्रशिक्षक रस्क वर आले. त्यांच्या बाहीवर रक्त होतं.

“डोळा गेला, मास्तर. डॉक्टर म्हणतो, नजर निदान महिनाभर आधीपासूनच बिघडलेली असणार. मला शंका येत होती. पण रोज तुमचा कागद बघायचो आणि म्हणायचो, मास्तर खोटं लिहिणार नाहीत.”

“त्यानं मला सांगितलं होतं,” एल्मर म्हणाले.

रस्क जिना उतरून गेले.

जुने सहा निवाडे बदलता येत नव्हते. त्याला एकाच दिवसाची मुदत असे. आजचा तेवढा उरला होता. इतक्या वेगाचा चेंडू निरोगी माणसालाही झेलता आला नसता. नियमाने तो फटकाच होता. एल्मरनी तसं लिहिलं आणि सही केली.

इस्पितळात डेलच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. पावलं ऐकून त्यानं विचारलं, “सर? काय दिलंत?”

“फटका.”

“म्हणजे अजून शून्यच ना?”

“शून्यच.”

“मग झालं!” डेलनं चाचपडत त्यांचा हात धरला. “पट्टी सुटली की आठवड्यात उभा राहतो. आता मला काढायला त्यांच्याकडे कारणच नाही.”

त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. एल्मरनी खुर्ची ओढली आणि त्याच्या उजव्या बाजूला बसले.

“डेल,” ते म्हणाले, “नीट ऐक.”