फिल्मवरचं भूत

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भूत उतरवणाऱ्या बाबांनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली, दाढी कुरवाळली, फिल्मवरून बोट फिरवलं, वर राख टाकून फुंकर मारली. फिल्मवर दोन डोळे आणि वासलेलं तोंड उमटलं!

"मशीन आंधळं, डॉक्टर आंधळे!" बाबा गरजले. "पोरीच्या मेंदूत कसं मांडी घालून बसलंय बघा!"

वहिनीनं हात जोडले. तिच्या कुशीत आठ वर्षांची ठकी, माझी भाची. महिन्याभरापूर्वी घर डोक्यावर घेणारी पोर आता तोंड वाकडं करायची, किंचाळायची, आईलाही ओळखायची नाही. एमआरआय साफ आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरती करा, आणखी तपासण्या हव्यात." पण दादानं तिला घरी आणलं. "फोटोत काही नाही, म्हणजे बाहेरचंच आहे," म्हणाला. मी सांगून सांगून थकले. आत्याचं ऐकतो कोण?

मी फिल्म नीट पाहिली आणि कपाळावर हात मारला. घाईत वहिनीनं कपाटातला भलताच लिफाफा उचलला होता.

"बाबा, हा माझा गुडघा आहे! कोपऱ्यात नाव वाचा. काहींचा मेंदू गुडघ्यात असतो म्हणतात, तो आज पाहिला."

हशा पिकला. मी पुढे होऊन बाबांच्या तेलकट दाढीला बोट लावलं, फिल्मवर मांजर काढलं, राख टाकून फुंकली. तेलाला राख चिकटली, बाकीची उडाली. मांजर हजर!

बाबा कसले वरमतात? "भूत आत्यात शिरलं!" ते ओरडले. निम्मी सभा माझ्यापासून दूर सरकली. दादासुद्धा.

तेवढ्यात ठकीला झटका आला. तेव्हा कुठे आम्ही दवाखान्यात पळालो.

डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं. "शरीराची रोगाशी लढणारी शक्ती तिच्याच मेंदूवर उलटली आहे," त्या म्हणाल्या.

"पण फोटो तर साफ होता!" वहिनी रडत म्हणाली.

"फोटोत घराच्या भिंती दिसतात, आतली भांडणं दिसत नाहीत. या आजारात कितीतरी मुलांचा एमआरआय साफ येतो. म्हणूनच भरती करा म्हटलं होतं."

"बरी होईल ना?" दादानं विचारलं.

"औषध चालू केलंय. बरीच मुलं सावरतात. पण लवकर आला असतात तर..."

मला दादाचा राग येतो, आणि त्याचा चेहरा पाहिला की तोही काढता येत नाही.

मंडळी, फोटो साफ आला तर "आता पुढे काय?" हे डॉक्टरांनाच विचारा. आम्ही ते राख फुंकणाऱ्याला विचारलं. ठकी अजून आईला म्हणते, "तुम्ही कोण?"