काशीबाईंची बेगमी

एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुणी अडगळ ठेवली की माझं डोकं फिरतं. बहारीनमध्ये सतरा वर्षं एसी दुरुस्त करतोय, पण गेल्या जूनच्या उन्हात जिदहफ्स गावात रुकय्या आजींच्या गच्चीवर जे बघितलं ते आजवर कुठे बघितलं नव्हतं. तिन्ही युनिटसमोर जळाऊ लाकडं रचलेली.

"काशीबाई, हे काय? मशीन गुदमरून मरेल!"

काशीबाई संगमेश्वरकडच्या. बारा वर्षं आजींचं सगळं त्याच बघतात. जराही न बिचकता म्हणाल्या, "किती लांब रचू ते सांगा, परशांतभाऊ. पन हितून हलवनार नाय. लाकडं सुकवायला असला गरम वारा मला दुसरा खंय मिळनार?"

खरं तर मी बोलायलाच नको होतं. हे लाकडांचं प्रकरण माझ्यामुळेच चिघळलं होतं.

आजींचे गुडघे थंडीत फार दुखतात, म्हणून मुलाने त्यांच्या खोलीत लाकडं जाळायचा लोखंडी हीटर बसवून दिला होता. गेल्या वर्षी जानेवारीत तो धुमसायला लागला. मशीनमधलं कळणारा माणूस म्हणून मला बोलावलं, आणि मी शहाणपणा केला. हवा आत सोडणारी खिटी बंद करा म्हटलं, लाकूड पुरेल, ऊब टिकेल. आमच्या साताऱ्याची काटकसर, दुसरं काय! लाकूड ओलं, त्यात हवा बंद. खोली धुराने भरली. आजींना भेटायला आलेली सहा वर्षांची नात छातीने नाजूक, तिला खोकत खोकत दवाखान्यात न्यावं लागलं.

तिची आई सुहा रागाने म्हणाली, "हा हीटर पेटता असेल तर मी हिला घरात आणणार नाही."

आजींनी हीटर विझवला. नात येत राहिली, आणि आजी तिच्यासमोर दुखणं लपवत बसल्या. रात्री गुडघे चोळताना आजींचं कण्हणं ऐकलं एकट्या काशीबाईंनी.

म्हणून ही जूनमधली लाकडं. "आमच्याकडं पावसाच्या आधी बेगमी करतात. हितं थंडीच्या आधी करायची," त्या म्हणाल्या. मी सांगितलं तेवढी, चार हात लांब त्यांनी लाकडं रचली, मधून वारा जाईल अशी विरळ. पूर्ण उन्हाळा उलटसुलट करत राहिल्या. मनगटाएवढी बारीक फोडलीसुद्धा स्वतःच.

यंदा जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्यांनी मला धुराडं साफ करायला बोलावलं. मागच्या वर्षी त्यातून डांबरासारखं काळं निघालं होतं. नात घरी नसताना पंधरा दिवस हीटर पेटवूनही या खेपेला मूठभर कोरडी तपकिरी भुकटी निघाली. म्हणजे धूर जवळजवळ होतच नव्हता.

मग त्यांनी दोन लाकडं एकमेकांवर आपटून दाखवली. सुकल्याची खूण, खणखणीत वाजली. त्यातली जाडसर लाकडं खाली, काटक्या वर, आणि आग वरून लावली. हवेची खिटी पूर्ण उघडी. ज्वाळांनी चांगला जोर धरल्यावर खिटी अर्ध्यावर आणली, त्याखाली नाही. आगीजवळ मात्र त्या बसल्या नाहीत. अंगणात जाऊन धुराड्यातून धूर येतो का ते बघत उभ्या राहिल्या. आमच्यातला एकही इंजिनिअर एवढं मन लावून मशीन बघत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाजही.

तेवढ्यात फाटकातून सुहा आली, मुलीचा हात धरून. सवयीने तिने आधी धुराड्याकडे बघितलं. वर स्वच्छ निळं आभाळ.

"बंद आहे," ती मुलीला म्हणाली. "चल."

काशीबाई गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या आडव्या आल्या. "थांबा, सुहा. पेटलाय."

सुहाने पुन्हा वर बघितलं. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. मुलीला माझ्याजवळ सोडून ती आत धूर आहे का बघायला एकटीच गेली.

काशीबाई ओढणीचं टोक पिळत होत्या. माझ्या बाजूची मुलगी विचारत होती, "आजी कुठाय?"

मग आतून सुहाची हाक आली. "बूट काढ आणि ये. आजीजवळ बस, इथे ऊब आहे."

मुलगी पळाली. काशीबाईंनी पाठ फिरवून डोळे पुसले. धुरामुळे पाणी आलं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती.