पहिली सही अण्णांची

जनतेचा आवाज बंदुकीच्या आवाजापेक्षा नेहमीच मोठा असतो. धोंडपिंपरीत हे सर्वांना मान्य होतं. मोठ्यानं म्हणायला मात्र कुणी तयार नव्हतं, कारण गावात बंदूक एकच होती आणि ती पुंजारामअण्णांची होती.

बंदूक मुळात द्राक्षबागेची राखण करायला घेतलेली. पण बाग दोन-तीन महिने राखायची आणि लग्नं सहा महिने चालतात. त्यामुळं अण्णांच्या दोन बारांशिवाय गावची वरात पारावरून हलत नसे. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात दुसरा बार काढताना अण्णांचा पाय जनरेटरच्या वायरीत अडकला आणि छर्रे सावळीरामच्या उजव्या डोळ्यात गेले. सावळीराम फुलवाला, तो नवरदेवाच्या घोड्याला झेंडूच्या माळा बांधत होता. अण्णा दवाखान्यात स्वतः शहाळं घेऊन आले. गाव म्हणालं, माणूस मोठ्या मनाचा. सावळीरामसुद्धा म्हणाला, "डावा हाय ना अजून."

त्याच्या बायकोला, नवसाबाईला, हे पटलं नाही. तिचं मागणं एकच होतं: तुळशीचं लग्न लागून नव्या वराती सुरू व्हायच्या आत त्या बंदुकीचा परवाना रद्द झाला पाहिजे. चार महिने ती घरोघर फिरली. शेवटी हायस्कुलातल्या महेश सरांनी समिती काढली, नाशिकला मोर्चा न्यायचं ठरलं आणि पत्रकं छापून आली.

पत्रकावर ठळक अक्षरांत होतं, ‘वरातीतला गोळीबार बंद करा’. त्याखाली हात जोडलेले पुंजारामअण्णा. प्रमुख उपस्थिती.

"सर, हे काय?" नवसाबाईनं विचारलं.

महेश सर चष्मा पुसू लागले. "अहो, प्रेसवाल्याकडे अण्णांच्या फोटोचा ब्लॉक कायम बसवलेला असतो. आपल्या गावचं हळदीकुंकू असो की कुस्त्या, फोटो आपोआप उमटतो. आता पत्रकं वाटूनही झाली."

"त्यांना बी दिलं?"

"पहिलं त्यांनाच. पद्धत आहे ना."

नवसाबाईनं पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, "बरं झालं. येऊ द्या त्यांना."

मोर्चाच्या दिवशी अण्णा कडक इस्त्रीत हजर. निमंत्रण नाकारायची त्यांना सवय नव्हती, आणि आपण गेलो नाही तर लोकांना नको ते आठवेल अशी धास्तीही होती. गोल्फ क्लब मैदानावरून शंभरेक माणसं कलेक्टर कचेरीकडे निघाली. "वरातीत बंदूक, नाय चालणार!" पहिल्या दोन-तीन घोषणांना अण्णांचे नुसते ओठ हलले. मग सवयीनं मूठही वर जाऊ लागली.

त्र्यंबक नाक्याला ते हळूच मागं सरकले. "नवसाबाई, मला बीपीचा त्रास हाय. मी बसतो कुठं तरी सावलीला."

"बसा की अण्णा. पेपरवाला कचेरीपाशी थांबलाय. त्याला सांगते, अण्णा निम्म्यातून परत गेले म्हणून."

अण्णा चालू लागले.

सावळीराम तिच्या कानाशी लागला. "अगं, पुरे आता. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"ऱ्हायचंय म्हणूनच चाललेय. एकच ऱ्हायलाय तुमचा. तो काय पुढच्या वरातीला आहेर करायचा?"

निवेदनात महेश सरांनी आधी ‘काही बेजबाबदार व्यक्ती’ असं लिहिलं होतं. नवसाबाईनं आदल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून ते खोडायला लावलं आणि तिथं अण्णांचं पूर्ण नाव घालून घेतलं. आता कचेरीच्या फाटकात तिनं तोच कागद पुढं केला.

"अण्णा, पहिली सही तुमची."

पहिली सही अण्णांची, हा गावचा रिवाज. सहीआधी अण्णा कागद वाचत नसत, हाही रिवाज. कॅमेऱ्याकडे बघत त्यांनी झोकात सही ठोकली.

आत परवान्याच्या टेबलावर भाऊसाहेबांनी निवेदन दोनदा वाचलं.

"पुंजाराम कोण?"

"मीच," अण्णा छाती काढून म्हणाले.

"तुमचा परवाना रद्द व्हावा, अशी तुमचीच मागणी आहे?"

अण्णांनी कागद ओढून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, सही केल्यावर का होईना, निवेदन वाचलं. "नवसाबाई!"

"सही तुमचीच हाय. शंभर मानसांनी बघितली."

भाऊसाहेबांनी रजिस्टर काढलं, पानावरून बोट फिरवलं. "रद्द करता येणार नाही."

अण्णांच्या जिवात जीव आला.

"यांच्या नावावर परवानाच नाही. वडिलांच्या नावावर आहे, पीक संरक्षणासाठी. वडील कुठं असतात?"

"ते सत्त्याऐंशीलाच गेले," अण्णा म्हणाले.

"म्हंजी अकरा वर्सं बंदूक बिनपरवान्याची?" नवसाबाईनं विचारलं.

"ते मी कसं म्हणू बाई? ते पोलिसांनी म्हणायचं."

"मग यांच्या नावचा परवाना नाय, येवढं तरी लिहून द्या."

"असं देता येत नाही."

नवसाबाई टेबलापुढं फरशीवर बसली. मागून गावच्या बाया एकेक करून बसल्या. सावळीरामही बसला. पाऊण तासानं भाऊसाहेबांनी दोन ओळी खरडल्या आणि शिक्का मारला. तोवर अण्णा दिसेनासे झाले होते.

बाहेर येऊन नवसाबाईनं कागदाची घडी मुठीत धरली. "चला, आता पोलिसांच्या हापिसात."

फाटकातल्या हवालदारानं काठी आडवी केली. मोर्चाला परवानगी कलेक्टर कचेरीपर्यंतचीच होती. पुढं नवसाबाई पादचारी म्हणून गेली.