न हलणारं पाणी

इंजिनाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. सकाळी एका साधूबाबांनी बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवरून हात फिरवला होता, आणि अख्खी खेप होऊनही काचेतलं पाणी तसूभर खाली आलं नव्हतं. पाणी न पिणारं इंजिन! चारही डबे दुसऱ्या खेपेसाठी भरून गेले होते. बाबा फलाटावर बसून सांगत होते, "विश्वास हीच वाफ, बाळांनो. पाणी निमित्तमात्र."

बॉयलर तपासायला आलेल्या बाईचं डोकं ऐकूनच तापलं. त्यात इंजिन चालवणारा तिचाच सख्खा थोरला भाऊ.

"दादा, काच तपासलीस?"

"बघितली की. अर्धी भरलेली आहे."

"बघितलीस का, ते नाही विचारलं. पाणी सोडून बघितलंस का?"

दादाने नजर चुकवली. बाबांनी मनाई केली होती. ते पाणी सांडलं की कृपा सांडली म्हणे. तक्त्यावर 'तपासले'ची खूण मात्र ठसठशीत होती. नियम साधा होता. खेपेआधी तळाची तोटी उघडून काच रिकामी करायची. तोटी मिटली की बॉयलरमधलं पाणी झटकन परत चढलं पाहिजे. हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

ती इंजिनावर चढली. काचेच्या दोन्ही टोकांना बाबांनी लाल फडकी बांधली होती. ती सोडायला लागताच बाबांनी उपदेश आवरता घेतला. फडक्यांखाली बॉयलरकडून येणाऱ्या दोन्ही तोट्या बंद होत्या. सकाळपासून काचेत कोंडलेलं घोटभर पाणी लोक बघत बसले होते! तिने तळाची तोटी उघडून ते सोडून दिलं, ती मिटली आणि वरच्या-खालच्या दोन्ही तोट्या उघडल्या. पाणी चढलं नाही.

"डबे रिकामे करा. आणि दादा, आग काढ."

बॉयलर थंड झाल्यावर उघडला, तेव्हा भट्टीच्या माथ्यावर जेमतेम बोटभर पाणी होतं. माथा कोरडा पडला असता तर बॉयलर फुटला असता. बाबा तोवर पसार झाले होते.

दादा घाम पुसत म्हणाला, "बाबांचीच कृपा, म्हणून तू वेळेवर आलीस."

त्याला धरून गदागदा हलवावं असं तिला वाटलं.

"आज तपासणीची तारीख होती म्हणून मी आले. उद्या तू एकटा असशील, दादा. वहिनीच्या दारात वाईट बातमी घेऊन मला उभं राहायचं नाही. हात कोणापुढेही जोड. पण आधी त्याच हाताने तोटी उघड."