महालक्ष्म्यांचं माप

मी करवत बोलतेय. सुताराच्या खांद्यावरची नव्हे, पायाने चालवायची. खाली पायटा, वर दोऱ्याएवढं बारीक पातं आणि काम एकच, फळीत जाळी कोरायचं. विलायतेत घडले आणि रेल्वेने खामगावात उतरले ती भगवंतरावांच्या हौसेपायी.

भगवंतराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी कचेरीतले हेडक्लार्क, नुकतेच पेन्शनीत निघालेले. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. आता कुणी अर्ज करेना, म्हणून मला आणलं. रोज माझी दोन-तीन पाती मोडत आणि म्हणत, "पातंच कच्चं हाय." घाई त्यांची, बदनामी माझी!

शेजारचे बद्रुद्दीन मिस्त्री समजावत, "साहेब, फळी रेटू नका. पात्याले कापू द्या, मंग सरकवा." साहेब चष्मा पुसत बसायचे.

श्रावणात त्यांनी जाहीर केलं, "यंदा महालक्ष्म्या माह्या मखरात!" आणि पत्नीला, मनकर्णाबाईंना, न विचारता त्यांच्या माहेरचं जुनं मखर देऊन टाकलं.

"तुमचं नाही जमलं तं माह्या महालक्ष्म्या उघड्यावर येतीन," बाई म्हणाल्या. मला त्या दिवशी मालकाचा खरोखर राग आला.

मग कचेरीच्या शिरस्त्याने काम सुरू झालं. आधी नकाशा, त्यावर स्वतःचीच मंजुरीची सही. अडगळीतून महालक्ष्म्या उभ्या करायच्या दोन लोखंडी तिवया काढल्या, त्यांवर पितळी मुखवटे ठेवले आणि फूटपट्टीने माप घेतलं. बायकोला विचारणं कमीपणाचं होतं.

खोटं कशाला बोलू, जाळी सुरेख उतरली. वेल, कैऱ्या, मोर. मीही जरा फुगलेच.

आवाहनाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. मनकर्णाबाईंनी तिवयांना लुगडी नेसवली, निऱ्या घातल्या, पदर काढले. आणि थोरली महालक्ष्मी कमानीत शिरेना! धाकटीचा पदर मोराच्या चोचीत अडकला.

"अहो, देवीले लुगडं नेसवा लागते, ठाऊक नव्हतं तुमाले?"

"मापात तं बरोबर होतं..."

"चाळीस वर्सं मी नेसवून राह्यली. तुमी फक्त हात जोडाले आले!"

मुहूर्त टळत चालला होता. भगवंतराव कपाळाला हात लावून बसले. बाईंनी पदर खोचला आणि बद्रुद्दीनना हाक मारली. "भाऊ, मखर धरा. मधातून कापतो."

कमानीच्या माथ्याशी वीतभरच लाकूड होतं. वर्षानुवर्षं शिवणयंत्र चालवून मुरलेला बाईंचा पाय माझ्या पायट्यावर पडला आणि पहिल्यांदाच मी न अडखळता चालले. मखराचे दोन भाग झाले. बाईंनी ते दोन बाजूंना उभे केले आणि मधे महालक्ष्म्या ऐसपैस उभ्या राहिल्या.

बायकांनी जाळीची तारीफ केली. ओसरीवरून लगेच आवाज आला, "नकाशातच दोन भाग होते!"

सण उलटल्यावर मात्र मनकर्णाबाईच माझ्यापाशी बसू लागल्या, ऐन पन्नाशीत. पाट झाले, देव्हारा झाला, पातं क्वचितच मोडलं.

आता माझा पायटा झिजलाय, सांधे कुरकुरतात. जाता जाता एवढंच सांगते, लोकहो. म्हातारपणी हौस खुशाल करा, पण घरात ज्याला ठाऊक आहे त्याला आधी विचारा. भगवंतराव हे शिकले. परवा ते नव्या मखराचा नकाशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मंजुरीची जागा कोरी ठेवली होती.

बाईंनी नकाशा पाहिला आणि सही न करताच परत दिला.

"लुगडं नऊवारी हाय. पुन्हा मोजा."