हाव, खाल्लं

चूक तनुजा सिस्टरची नव्हती, माझी होती. बायकोचं तिसऱ्या दिवसाचं कार्य उरकलं आणि कळलं, चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय. तेव्हा मी देगलूरहून नांदेडला निघालो. पिशवीत डबा होता.

माझी बायको लक्ष्मम्मा पायाच्या जखमेसाठी तिथल्या दवाखान्यात होती. शुगर वीस वर्षांची. वॉर्डात दिवसातून चारदा बोटाला टोचून आकडा लिहायचे. तिचं खाणं कमी, म्हणून नाश्ता पोटात गेल्यावरच इन्सुलिन द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पण लक्ष्मम्मा अंग धुऊन लिंगपूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसे. तीन दिवस मी पहाटे बादली भरून ठेवली. चौथ्या दिवशी नळाला पाणीच आलं नाही.

नाश्ता तसाच बघून सिस्टर म्हणाल्या, "काकू, देव काय पळून चाललाय? आधी दोन घास खा."

"देव न्हाई पळत बाई. तूच पळत असतीस, टोचत."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. सिस्टरही हसल्या. "मी येते परत. तवर खाऊन घ्या."

त्या पुढं गेल्यावर लक्ष्मम्मा हळूच म्हणाली, "अहो, खाल्लं म्हणून सांगा. पाणी आलं की पूजा करते अन् लगेच खाते."

मी उप्पीट डब्यात भरून पिशवीत ठेवलं.

"खाल्लं?" सिस्टरनं मला विचारलं.

"हाव, खाल्लं."

"सगळं? नक्की ना काका?"

"ताट बघा की."

त्यांनी सुई दिली.

थोड्या वेळानं पाणी आलं. तिनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग घेऊन डोळे मिटले. मी पडदा ओढून बाहेर बसलो. पाव तास लागायचा, त्या दिवशी अर्धा तास झाला. आत डोकावलो तर तिला दरदरून घाम आला होता, विभूती ओघळली होती. पंखा बंद होता, म्हणून असेल असं वाटलं. पूजेतल्या माणसाला हात लावायचा नाही, हे लहानपणापासूनचं. मी परत बाहेर बसलो.

पडद्याच्या फटीतून तिची मान खाली पडलेली दिसली तेव्हा सिस्टरना हाक मारली. त्या धावत आल्या, बोट टोचलं. साखर फक्त चोवीस.

"काका, खाल्लं होतं ना?"

त्यांनी शिरेतून साखर दिली, डॉक्टर आले. ती शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. त्या सकाळी पडद्याआड बसली होती तशीच दिसली.

नांदेडला मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मी डबा ठेवला. म्हणालो, "हा तिचा नाश्ता. मी खोटं बोललो." त्यांनी झाकण उघडलं. उप्पिटाला बुरशी आली होती. त्यांनी झाकण लावलं, माझ्याकडून लिहून घेतलं आणि सिस्टरला बोलावणं धाडलं.

तनुजा सिस्टर जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले.

"मी दोनदा विचारलं होतं ना काका?"

"हाव. दोनदा."

त्या वर गेल्या. मी बसस्टँडवर आलो आणि डबा धुतला. नळाला पाणी होतं.