निळं मीठ

“विनीतला काहीच माहीत नाही,” दर्शना लिफ्टच्या दारापाशीच त्याला अडवून म्हणाली. “अल्सर आहे, वेळ लागेल, एवढंच सांगितलंय आम्ही. तुम्ही प्लीज चेहरा पाडून आत जाऊ नका, गौतम. नेहमीसारखं बोला. भांडा त्याच्याशी.”

गौतमच्या हातात शहाळं होतं. ते या हातातून त्या हातात घेत त्याने विचारलं, “आणि डॉक्टर काय म्हणतात, वहिनी?”

“दिवाळी बघेल असं वाटत नाही म्हणाले.”

गणपती नुकतेच गेले होते. परळच्या रस्त्यावर मांडवांचे बांबू अजून तसेच उभे होते. मघाशी हॉस्पिटलकडे येताना त्याच बांबूंना वळसा घालताना गौतम मनातल्या मनात वैतागला होता. आता त्याला वाटलं, राहू देत की आणखी थोडे दिवस.

नेहमीसारखं बोलायचं म्हणजे इल्साबद्दल भांडायचं. ही इल्सा कोण ते सांगायला हवं, कारण ती कधी नव्हतीच. ती एका कॉम्प्युटर गेममधली नावाडीण. गौतम आणि विनीत कॉलेजात एका बाकावर बसत. गौतम डिलाईल रोडच्या चाळीतला, वडील गिरणीतून घरी बसलेले. विनीत प्रभादेवीचा, आजोबांच्या काळापासूनचा स्वतःचा ब्लॉक. विनीतकडे कॉम्प्युटर होता आणि गौतमकडे वेळ होता, एवढ्या भांडवलावर मैत्री जमली. फूटपाथवरून आणलेल्या एका सीडीत ‘नाइन हार्बर्स’ निघाला आणि दोघांच्या अभ्यासाचे बारा वाजले.

त्या गेममध्ये नुसती मारामारी नव्हती. तुम्ही एका माणसाचं सोंग घ्यायचं, बंदरामागून बंदर हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, सोबती जमवायचे. इल्सा ही पहिली सोबतीण. सहाव्या बंदरात वादळ होतं. इल्सा नावेचा दोर धरून उभी राहते, बाकीचे किनाऱ्याला लागतात आणि ती मरते. तुम्ही कितीही बटणं दाबा, ती मरतेच. गंमत अशी, की त्या वेळी तुमच्या थैलीत निळं मीठ असतं. लढाईत पडलेल्या कुठल्याही सोबत्याच्या जिभेवर चिमूटभर ठेवलं की तो उठून बसतो. मग इल्साला ते कोणीच का देत नाही?

विनीतचं म्हणणं, दिलं असतं तर ती वाचली असती. गौतमचं म्हणणं, नसती वाचली, मेलं माणूस ते मेलं. या एका प्रश्नावर दोघं कॉलेजपासून केस पिकेपर्यंत भांडत आले होते. विनीत विमा कंपनीत अधिकारी झाला, त्याचं दर्शनाशी लग्न झालं. गौतम ठाकूरद्वारच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागला, त्याचं लग्न राहून गेलं. वाद मात्र दोघांनी सारखाच सांभाळला. पुढे इंटरनेटवर त्या गेमचे आणखी चार वेडे भेटले आणि महिन्यातल्या एका रविवारी दादरच्या एका हॉटेलात साबुदाणा वड्यावर बैठक भरायला लागली. दातांची डॉक्टर मेघना तिथे न्यायाधीश असे. तिथला वेटरसुद्धा बिल ठेवताना विचारायचा, “क्या साब, वो बाई अभी तक मरी नहीं क्या?”

गौतम खोलीत शिरला, तेव्हा विनीत उशीला टेकून बसला होता. गाल बसले होते, पण डोळे तेच.

“आलास? मला वाटलं घाबरलास.”

“कोणाला घाबरू? तुला की त्या कबरवाल्याला?”

विनीतने खुशीत हात चोळले. दर्शना शहाळ्यासाठी पेला शोधायच्या निमित्ताने बाहेर गेली.

“कबरवाला खोटं बोलतो, हे तू आधी मान,” विनीत म्हणाला. तिसऱ्या बंदरातला कबर खणणारा म्हातारा म्हणतो, मीठ थकलेल्याला उठवतं, गेलेल्याला नाही. गौतमची सगळी मदार या एका वाक्यावर होती. “तोच माणूस सांगतो की विहीर आटली. आणि विहिरीत पाणी असतं. त्याची साक्ष कशी धरायची?”

“अरे, विहिरीबद्दल खोटं बोलायला त्याला कारण आहे. पोराला लपवलंय त्याने तिथे. मिठाबद्दल खोटं बोलून त्याला काय मिळणार?”

“काय मिळणार?” विनीत पुढे सरकला. “मेलेले उठून बसायला लागले तर त्याचा धंदा बसेल, गौत्या! कबरी कोणाच्या खणणार तो? मीठ चालतं हे कळलं तर पहिला उपाशी कोण मरेल? तोच!”

इतक्या वर्षांत हा मुद्दा निघाला नव्हता. पडून पडून विनीतने हाच उद्योग केला असणार.

“हे नवीन आहे,” गौतम म्हणाला. “विचार करून येतो.”

“ये. मी कुठे जातोय?”

दर्शना दारात उभी होती. नवरा हसतोय हे बघून तिने गौतमकडे असं पाहिलं, की त्याला मान खाली घालावी लागली.

पुढचे काही दिवस गौतमचं दुकानात लक्ष नव्हतं. त्याचं काम तसं सोपं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचं, हे बरं की ते? पण त्यातली एक खोच त्याला अनुभवाने कळली होती. जो माणूस पटकन ‘हो हो, दिसतंय’ म्हणतो, त्याला दिसत नसतं. खरंच दिसणारा जरा थांबतो, ओठ हलवतो, एखाद्या अक्षरावर कुरकुर करतो. म्हणून कोणी चटकन होकार दिला की गौतम काही न बोलता भिंग बदलायचा.

एका आजोबांची नजर तपासतानाच त्याला उत्तर सापडलं. बरणी! कबरवाल्याच्या झोपडीत फळीवर एक बरणी असते. तिच्यावर क्लिक केलं की ‘निळं मीठ, काठोकाठ’ अशी पाटी येते. झोपडीमागे त्याच्या बायकोची कबर असते. म्हणजे घरात मीठ भरलेलं असताना त्याची बायको गेली. त्याने दिलं नसेल का? दिलंच असणार. धंदा गेला खड्ड्यात, स्वतःच्या बायकोला कोण मरू देतो? मीठ चाललं नाही, म्हणून ती कबरीत आहे. वाद संपला. आजोबांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम तशीच ठेवून गौतम स्वतःशीच हसला.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलला जायला निघताना त्याने आईला हे सगळं सांगितलं. शांताबाईंना गेम कळत नव्हता, पण विनीत कळत होता. कॉलेजपासून तो त्यांच्या हातची घावणं खात आला होता.

“आजारी माणसावांगडा वाद कित्याक घालतंस रे?” त्या म्हणाल्या. “होय म्हणूचा आनि गप ऱ्हवाचा. तेका बरा वाटात.”

गौतम चपला चढवून निघाला. पण शब्द डोक्यात राहिले.

या वेळी विनीत बसला नव्हता. नाकात नळी होती. चादरीवर ठेवलेला त्याचा हात इतका बारीक झाला होता, की मनगटावरचा नावाचा पट्टा कोपरापर्यंत सरकला असता. कोपऱ्यात दर्शना मोसंबं सोलत होती. गौतमला बघून ती उठली आणि नेहमीप्रमाणे बाहेर गेली.

“बोल,” विनीत म्हणाला. आवाज खोल गेला होता. “काय आणलंस?”

बरणी गौतमच्या जिभेवर होती. त्याने त्या हाताकडे पाहिलं. मीठ चालत नाही, हे या माणसाला कुठल्या तोंडाने पटवायचं? घरात काठोकाठ बरणी असूनही बायको गेली, हे कसं सांगायचं?

“तुझंच बरोबर आहे,” तो म्हणाला. “धंद्याचा मुद्दा बिनतोड आहे. कबरवाला खोटं बोलतो. ती वाचली असती रे. मीच उगाच ताणत होतो.”

विनीत हसेल, ‘लिहून दे’ म्हणेल, मेघनाला फोन लावायला सांगेल, अशी गौतमची कल्पना होती. विनीत नुसता बघत राहिला.

“आणि बरणी?” त्याने विचारलं.

“कुठली बरणी?”

“गौत्या, तुला बरणी आठवली नाही असं होणारच नाही. धंद्याचा मुद्दा काढला, त्याच रात्री मला आठवली. म्हटलं, आता हा येणार आणि माझी पार जिरवणार. वाट बघत होतो मी.” त्याने दम घेतला. “तू माझं कधी काही मानलंयस? माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही मानलंस.”

“अरे, खरंच विसरलो. थांब, बरणीचं असं आहे की...”

“राहू दे.” विनीतने डोळे मिटले. “इतकं वाईट आहे होय?”

गौतमला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण दोघांच्या बोलण्यात खोटं कधी आलं नव्हतं आणि आलं ते आत्ताच, मघाच्या त्या एका होकारात. तो खिडकीबाहेर बघू लागला. खाली मांडवाची जागा रिकामी झाली होती.

“बरं,” विनीत म्हणाला. “दर्शनाला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. रोज बाहेर रडते, तोंड धुते आणि आत येऊन मला ओरडते, की शहाळं का नाही संपवलं. एवढं करते बिचारी. ते फुकट नको जायला.”

गौतमने त्याचा हात धरला. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. आणि हात धरल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की यानेही आपण तेच सांगतो आहोत.

त्यानंतर तो दोनदा गेला. विनीत बहुतेक झोपलेला असे. जागा असला तरी इल्साचं नाव निघालं नाही. वसुबारसेच्या सकाळी विनीत गेला.

रविवारची बैठक भरली. सगळे वडे समोर घेऊन नुसते बसले होते. शेवटी मेघना म्हणाली, “कोणीतरी विनीतची बाजू लढवायला पाहिजे यार. मी घेते. गौतम, कबरवाला खोटं बोलतो, हे तू आधी मान.” तिने ते अगदी त्याच्यासारखं म्हटलं. गौतमला राग आला नाही. त्याने समोरची बशी बाजूला सारली. बरणीचं उत्तर तयार असून त्याने ते काढलं नाही. सगळ्यांना वाटलं, मित्राच्या दुःखाने बोलत नाही. ते खरंच होतं. पण मित्राला आपणच सांगून बसलो, जी एक गोष्ट करू नका म्हणून वहिनीने हात जोडले होते तीच करून बसलो आणि तीही त्याला बरं वाटावं म्हणून, हे तो कोणाला सांगणार होता? चुकलं, साफ चुकलं. भांडायला हवं होतं. त्या नळीची, त्या हाताची पर्वा न करता बरणी आपटायला हवी होती समोर.

थंडी पडायच्या सुमारास दर्शना ठाकूरद्वारला दुकानात आली. पेपर वाचताना डोकं दुखतं म्हणाली. गौतमने तिला खुर्चीत बसवलं, तपासणीची फ्रेम चढवली.

“तुमचे आभार मानायचे राहिले होते,” ती समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणाली. “त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तुमच्यामुळे.”

गौतम भिंगांच्या पेटीत उगाच शोधाशोध करू लागला.

“खरं सांगते. आदल्या दिवशीसुद्धा मला म्हणाला, ‘गौत्या अजिबात मानायला तयार नाही गं. कुठल्यातरी बरणीचं काढून बसलाय. एकदा इथून सुटू दे, मग बघतो त्याला.’ इतका खूश होता.” ती थांबली. “कसली हो बरणी?”

गौतमने हातातलं भिंग पुसलं. ते स्वच्छच होतं. मग त्याने सांगितलं. कबरवाल्याची झोपडी, फळीवरचं मीठ, मागची कबर. इतकं नीट त्याने विनीतलाही सांगितलं नसतं. दर्शना ऐकत होती. तिने तो गेम कधी खेळला नव्हता.

“मग यावर विनीतचं काय उत्तर होतं?”

“ते राहिलं, वहिनी,” गौतम म्हणाला. “पण मी नाही मानलं. अजून नाही मानलेलं.”

ती मान हलवून थोडंसं हसली. त्याने फ्रेममध्ये भिंग बसवलं आणि तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या ओळीखाली पट्टी धरली.

“हे बघा. दिसतंय नीट?”

“हो, दिसतंय,” दर्शना लगेच म्हणाली. भिंगांमागे तिचे डोळे डबडबलेले होते.

गौतम पट्टी धरून उभा राहिला. त्याने भिंग बदललं नाही.